मनोहरभाऊ आणि गाडीचा भोंगा

आमच्या शेजारचे मनोहरभाऊ चाफले यांनी तब्बल महिनाभर दार उघडं ठेवून गाडी चालवली. हौस म्हणून नव्हे. दार लावलं की गाडी बोंबलायची, उघडलं की गप्प. चोरापासून रक्षण व्हावं म्हणून बसवलेला अलार्म होता तो, आणि बसवला होता खुद्द मनोहरभाऊंनी.

सिंदीच्या बाजारात भाऊंचं हार्डवेअरचं दुकान. खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे विकता विकता त्यांची पक्की समजूत झाली होती, की जगातली कुठलीही वस्तू पान्याने उघडते आणि उघडली की समजते. मिस्त्री, प्लंबर वगैरे मंडळी देवाने आळशांसाठी घडवली. "हाये काय त्यात?" हा त्यांचा मंत्र. पंखा बिघडला, हाये काय त्यात? मग तो पंखा उलटा फिरायचा. वहिनी त्याखाली घामाघूम बसून म्हणायच्या, "हवा वरते गेली तं काय झालं, छताले बी गरम होत असंन."

मी शाळेत विज्ञान शिकवतो. एवढ्या गुन्ह्यासाठी भाऊ मला प्रत्येक दुरुस्तीला बोलावत. सल्ला मात्र कधीच घेत नसत.

गाडी जुनी, पांढरी, नागपूरहून सेकंडहँड घेतलेली. तिचा अलार्म मेला, तेव्हा भाऊंनी नवा आणला आणि रविवारी सकाळी अंगणात चादर अंथरली. गाडीच्या पोटातून वायरींचा एवढा गुंता बाहेर आला की मला धडकी भरली.

"भाऊ, हे फिटरचं काम आहे. जामला नेली तर..."

"जामचं नाव काढू नका, मास्तर!"

मी जीभ चावली. जाम चौकात, हायवेला लागून, गाड्यांना अलार्म आणि टेप बसवणारं एक नामी दुकान होतं. लोक लांबून तिथे गाड्या नेत. मालक होता प्रफुल्ल, भाऊंचा एकुलता एक मुलगा. बापाचं चालतं दुकान सोडून तो निघाला, तेव्हा भाऊ रागाच्या भरात म्हणाले होते, "गेला तं तोंड दाखवू नको." त्याला दोन वर्षं झाली होती. प्रफुल्ल दिवाळीला आईला भेटायला यायचा, आणि तेवढा वेळ भाऊ गोदामात गंजलेले खिळे निवडत बसायचे. "लोकाइच्या गाड्याइले भोंगे लावून राह्यला," एवढंच बोलायचे. वहिनींचा जीव मात्र दोन्हीकडे तुटायचा.

"पुस्तकात लाल तार लिहिली आहे की निळी?" मी विचारलं.

"पुस्तक कंपनीवाल्याइसाठी असते. आपल्याले डोकं हाये."

दुपारी डोकं जिंकलं आणि अलार्म सहा निरनिराळ्या सुरांत रडू लागला. गल्लीतली कुत्री दोन दिवस फिरकली नाहीत. दार उघडल्यावर तो थांबतो, हा शोध भाऊंनी लावला आणि त्यालाच दुरुस्ती मानली. डावं दार सुतळीने किलकिलं बांधून ते बाजारात जाऊ लागले. रस्त्यात जो तो ओरडायचा, "भाऊ, दार उघडं हाये!" भाऊ पुढे बघत म्हणायचे, "माहीत हाये!" एकदा बाजारातून परत येतात तर मागच्या सीटवर बकरी बसलेली. मी हसलो, तर म्हणाले, "चोर तं नाई घुसला ना?"

शेवटी वहिनींच्या भाचीचं लग्न आलं. वहिनी ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. "मी नवं लुगडं नेसून दार धरून बसणार नाई. पोराकडून करून आना. दोन वर्षं झाले, आता सांगा, हट्ट मोठा का पोरगा मोठा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डावं दार हाताने धरून गाडीत बसलो होतो आणि आम्ही जामच्या रस्त्याला लागलो होतो. चौक दिसू लागला तसे भाऊंनी आरशात बघून केस विंचरले. आवाज एकदम बारीक झाला. "मास्तर, त्याच्याशी तुमीच बोला. मी गाडीतच बसतो."

प्रफुल्ल दुकानातून बाहेर आला आणि बापाला बघून जागीच थांबला. मलाच इतकं अवघडल्यासारखं झालं की हातातलं दार सुटलं, लागलं, आणि गाडीने सगळा चौक गोळा केला.

"बाबा, दार उघडा!" प्रफुल्ल ओरडला. दोन वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

तो डॅशबोर्डखाली डोकं घालून बराच वेळ तसाच राहिला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. "जोड मस्त देल्ले हाये, बाबा. टेप बी साफ गुंडाळला. फक्त दाराची तार उलटी लागली." भाऊंची मान ताठ झाली. काम दहा मिनिटांत आटोपलं. दोघं घरच्या म्हशीच्या चौकशीपलीकडे एक शब्द बोलले नाहीत, पण येताना भाऊ शीळ घालत होते.

लग्न पार पडलं. चार दिवसांनी भाऊ पुन्हा माझ्या दारात. "चाला मास्तर, जामले. अलार्म बिघडला."

मी वाकून पाहिलं. तार तुटली नव्हती, ब्लेडने कापली होती, तीही अगदी ताजी. मी चपला घालून गाडीत बसलो. विज्ञानाच्या मास्तरानेही सगळंच सांगायचं नसतं.

जामला प्रफुल्लने ती दोन टोकं हातात घेतली, निरखली आणि माझ्याकडे बघितलं. काम दोन मिनिटांचं होतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तो तार सोडून उठला, हात पुसले आणि म्हणाला, "बाबा, काम मोठं हाये. संध्याकाळ होईन."

"होऊ दे ना. मले काई घाई नाई," भाऊ म्हणाले आणि मागच्या सीटवरून वहिनींनी बांधून दिलेला डबा काढला. चांगला चार खणांचा होता. वरच्या खणात प्रफुल्लच्या आवडीचं भरलं वांगं.

मी चहा पिऊन येतो म्हणालो आणि दुपारभर तिकडे फिरकलो नाही.