कैलासवासी केरोबांची बाग

मुलांनो, मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? मग सांगतो.

एका जंगलात केरोबा नावाचे एक साळिंदर राहत असत. साळिंदर कंद उकरून खातं, हे तुम्हाला ठाऊक आहे. केरोबा कंद लावत. गडबडीला सुरुवात इथूनच झाली.

साधं अळू किंवा साधा सुरण सगळ्यांच्याच परसात होता. केरोबांना त्या घराण्यातली विक्षिप्त मंडळी आवडत. त्यांच्याकडे काळ्याभोर पानांचं अळू होतं. एक सापकांदा होता, त्याचं फूल फणा काढून उभं राही आणि पुढे लांब जीभ लोंबकळे. आणि एक होता डोंगरापलीकडून आणलेला रानसुरण, केरोबांच्या डोक्याएवढा. तो वर्षाला एकच पान काढी, छत्रीएवढं. दिवाळीच्या सुमारास तेही पाडून जमिनीत झोपी जाई.

"अहो, निम्मं वर्ष नुसती माती बघायची, ही कसली बाग?" त्यांची बायको साळू विचारी.

"अगं, तो आत आहे."

"मग बाहेर काढा. चिंच घालून शिजवते, म्हणजे खाजणार नाही."

हे ऐकलं की केरोबांच्या अंगावरचे काटे उभे राहत.

"घरात काटे उभारायचे नाहीत," साळू म्हणे, "परवाच सारवलंय."

घरी कुणी आलं की केरोबा त्याला रिकाम्या वाफ्यापुढे नेऊन उभं करत आणि खाली काय चाललंय ते समजावत. मोराला त्यांनी एकदा तासभर उभं केलं होतं. तेव्हापासून मोर ओढ्याकडच्या लांबच्या वाटेने जाई. हळूहळू सगळेच त्या वाटेने जाऊ लागले. केरोबांना याचं फार वाईट वाटे. आपलं एखादं फूल कुणीतरी कौतुकाने बघावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

सातव्या वर्षी, वैशाख संपता संपता, रानसुरणाच्या वाफ्यातून एक कोंब वर आला. तो पानाचा नव्हता. केरोबांनी जेवण सोडलं आणि वाफ्यापाशीच मुक्काम ठोकला. एके दिवशी पहाटे फूल उघडलं. वांग्याच्या रंगाचा झालरीचा घेर आणि मधोमध उभा जाडजूड दांडा. केरोबांनी हात लावून पाहिलं, तर दांडा चक्क गरम.

मग वास सुटला.

मुलांनो, डबे बंद करा. मेलेली म्हैस चार दिवस उन्हात पडावी, तसा वास होता. या फुलांना माश्या आणि किडे बोलवायचे असतात. त्यांना मोगऱ्यात रस नसतो.

साळूने तोंडाला पदर लावला आणि बोचकं उचललं. "मी माहेरी जाते. हे मिटलं की निरोप धाडा."

ती गेली आणि थोड्याच वेळात दारात तरसोजी तरस येऊन उभे राहिले. ते कधी कुणाकडे जात नसत, कारण त्यांना कुणी बोलावत नसे. आज अंग चाटूनपुसून आले होते.

"कधी झालं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"आज पहाटे," केरोबा म्हणाले. सात वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून चौकशीला आलं होतं.

"त्रास झाला का?"

"छे. अगदी शांतपणे झालं."

तरसोजींनी ओठांवरून जीभ फिरवली. "दर्शन मिळेल?"

"मिळेल की. जवळून घ्या."

तरसोजींनी फुलाला दोन फेऱ्या घातल्या. खाली वाकून पाहिलं, मागे जाऊन पाहिलं.

"एवढंच?"

"एवढंच," केरोबा अभिमानाने म्हणाले.

तरसोजी मान खाली घालून परत निघाले. वाटेत त्यांना पंचायतीचा चिटणीस मुंगूस भेटला. केरोबांकडे काय झालं, असं त्याने विचारलं.

"काही उरलं नाही," तरसोजी म्हणाले आणि निघून गेले.

मुंगूस हुशार होता. वास केरोबांच्या घरून येतोय. साळूवहिनी तोंडाला पदर लावून माहेरी गेल्या. तरस आत जाऊन आलं, आणि आता काही उरलेलं नाही. दुपारी उंबराखाली शोकसभा ठरली.

इकडे केरोबा सगळ्यांना फूल बघायला बोलवायचं म्हणून निघाले. उंबराखाली अख्खं जंगल जमलेलं दिसलं, तसे ते मागे जाऊन बसले.

मोर बोलत होता. "केरोबांनी मला त्यांची बाग दाखवली होती. तो एक तास मी जन्मात विसरणार नाही."

मग अध्यक्ष सांबरतात्या उठले. "असा जाणकार पुन्हा होणे नाही. त्यांची बाग स्मारक म्हणून जपावी, असा ठराव मी मांडतो."

सगळ्यांनी शेपट्या वर केल्या. ठराव मंजूर झाला. केरोबांचे डोळे भरून आले. ते उभे राहिले आणि म्हणाले, "मी आभारी आहे. पण मी जिवंत आहे."

वर गेलेल्या शेपट्या खाली आल्या. आनंद काही कुणाला झाला नाही.

"हे आधी सांगायला हवं होतं," मुंगूस म्हणाला. "ठराव लिहून झालाय."

"मग हा वास कसला?" सांबरतात्यांनी विचारलं.

"माझ्या फुलाचा."

"म्हणजे मुद्दाम लावलेला?" मोराने पिसारा मिटला. "उपटून टाका ते."

सांबरतात्यांनी थोडा वेळ रवंथ केला. "केरोबा, दोन वाटा आहेत. तुम्ही गेला असाल, तर बाग हे स्मारक. नसाल, तर उपद्रव, आणि तो आजच्या आज उपटावा लागेल. सावकाश विचार करा. सूर्य बुडायच्या आत सांगा."

केरोबांना फार विचार करावा लागला नाही.

"मी गेलोय," ते म्हणाले आणि खाली बसले.

"कधी?" मुंगसाने बोरू उचलला.

"आज पहाटे."

सभेला हायसं वाटलं.

संध्याकाळी अख्खं जंगल रांगेने फुलाच्या दर्शनाला आलं. दिवंगतांचा मान म्हणून कुणीही नाक धरलं नाही. माकडं दोन वेळा बेशुद्ध पडली, पण शुद्धीवर येऊन पुन्हा रांगेत उभी राहिली. "काय भारदस्त दरवळ आहे," मोर म्हणाला. केरोबा रांगेत सगळ्यांच्या मागे उभे होते. इतकं सुख त्यांना जिवंतपणी कधी मिळालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी फूल कोलमडलं आणि साळू परत आली. तिने फाटकावरची 'कैलासवासी केरोबांची बाग' ही नवी पाटी वाचली.

"अहो, तुम्ही गेलात आणि मला कळवलंसुद्धा नाही?"

"गडबडीत राहून गेलं."

"मग जेवणार आहात की नाही?"

"जेवेन," केरोबा म्हणाले.

पुढे स्मारकाला माळी हवा, अशी पंचायतीने दवंडी पिटली. केरोबांनी अर्ज केला. कैलासवासींच्या हाताखाली काम केलंय का, असं मुंगसाने विचारलं. त्यांना जवळून पाहिलंय, असं केरोबा म्हणाले. कैलासवासींची सर काही यायची नाही, पण वर्षभर बघू, असं पंचायतीने ठरवलं.

पहिल्याच दिवशी मोर देखरेखीला आला. "इतकं पाणी नाही घालायचं," तो म्हणाला. "केरोबा असं कधी करत नसत."

"चुकलं," केरोबा म्हणाले आणि झारी खाली ठेवली.

तात्पर्य, वहीत नीट उतरवून घ्या: जिवंतपणी आपल्या छंदाची कदर होत नाही म्हणून कुढत बसू नये. कुणी विचारलं तर आपण वारलो म्हणून सांगावं, आणि खुरपं घेऊन कामाला लागावं.