भुजंगरावांनी एका गच्चीवरून दोन गड घेतले त्याची हकीकत

श्रीचामुंडेश्वरी प्रसन्न. म्हैसूर शहराचे पश्चिमेस हूटगळ्ळी म्हणोन वस्ती, तेथे बसगाड्यांची आणि नव्या घरांच्या सिमेंटाची धूळ अखंड उडते, त्या धुळीत जे घोर युद्ध जाहले त्याची हकीकत घडली तैशी लिहितो. चार शब्द अधिक पडले तर तो लिहिणाराचा स्वभाव, वाचणाराने सोसावा.

राजेश्री भुजंगराव यांचे पूर्वज जुन्या म्हैसूर सरकारचे पागेत शिलेदार होते, आणि खुद्द राव कारखान्यातून निवृत्त होऊन मिशा राखून होते. कुटुंब भागीरथीबाई, रेशीम गिरणीत उमर घालवून घरी आलेल्या, बोलणे थोडे आणि जरब फार. कन्या चिरंजीव पवित्रा मानसशास्त्राचे एम.ए.चा प्रबंध लिहीत होती. प्रबंधाचा मजकूर ऐसा की, शिलेदारांचे वंशजांत पुरुषी म्हणवणारे गुण किती आणि बायकी म्हणवणारे गुण किती, ते मोजावे. त्याजसाठी प्रश्नावली सिद्ध केली. तीत निडर, स्वावलंबी, हुकूम चालवणारा हे एका फौजेचे शब्द. मायाळू, समजूत काढणारा, दुसऱ्याचे दुःखाने डोळे भरणारा हे दुसऱ्या फौजेचे. आणि वेळेवर येणारा, गप्पिष्ट ऐसे काही निव्वळ बाजारबुणगे, ज्यांची गणती कोठेच नाही. ज्याने त्याने एकांती बसून, आपण कैसे आहो ते एक ते सात आकड्यांनी लिहावे.

मग हूटगळ्ळीचे नाक्यावर इडली-कॉफीचे हाटेलात फिरून आलेल्या शिलेदारवंशी वृद्धांचा जो दरबार भरतो, त्यात नरसिंगराव म्हणोन रावांचे जुने स्नेही आणि त्याहून जुने हरीफ, यांनी मसलत सांगितली की, हा तराजू आहे, मायेचे पारडे जड जाहले की मर्दानगीचे वर जाते, सबब सावध असावे. आता मर्दानगी हलकी पडते म्हटल्यावर कोण थांबतो? सर्वांनी निडरपणास सात आणि मायेस एक ऐसे ठोकून दिले. भुजंगरावांनीही तेच केले, आणि मिशीस पीळ देऊन दुसरी कॉफी मागविली.

तो विद्यापीठाहून पवित्राच्या मार्गदर्शक वनजा मॅडमांचे फर्मान आले की, ही माणसे नव्हेत, चौकातले पुतळे आहेत. दसऱ्याचे सुटीपूर्वी खरे आकडे आणावे, न आणल्यास प्रबंध पुढले साली. हे ऐकोन पवित्रा खोलीत जाऊन बसली, आणि जेवणास उठेना. पोरीचे वर्ष बुडते आणि बुडविणारांत आपलाही एक हात, हे कळून राव तिच्या दारापाशी जाऊन बसले. भागीरथीबाईंनी हुकूम केला, "सुम्ने उगाच बसू नका. पेन घ्या, गच्चीवर जा, आणि खरं ते लिहा."

राव पेन, चष्मा आणि मुरमुऱ्यांचा डबा ऐसा सरंजाम घेऊन गच्चीवर चढले आणि पाण्याचे टाकीआड मोर्चा लावून बसले. पण संकट मोठे! या माणसाने आयुष्यात एकही आकडा बायकोस विचारल्यावाचून लिहिला नव्हता. सदऱ्याचे माप तिला ठाऊक, चपलेचे तिला ठाऊक. पहिलाच शब्द स्वावलंबी. राव कठड्यावरून वाकले आणि हाक घातली, "अगं, मी स्वावलंबी आहे काय?"

खालून उत्तर आले, "अय्यो देवा! तुमचं तुम्ही बघा!"

मग तो शब्द तैसाच सोडून राव पुढे सरले. निडर यास सहा दिले, कारण पाल एक सोडली तर भय कशाचे नाही. आणि मग, दुसऱ्याचे दुःखाने डोळे भरणारा, या शब्दापाशी घोडे अडले. पोर लहान असता भागीरथीबाईंची पहाटपाळी असे, तेव्हा तिच्या वेण्या रावच घालीत, मल्लिगेचा गजराही माळीत, आणि ओढले गेले म्हणून पोर रडली की आपणही रडत. पुढे ती वसतिगृहास निघाली, तेव्हा बस येलवालपार होईतो राव स्कूटरीवर बसून राहिले आणि हेल्मेट काही काढिले नाही. घरी आल्यावर भागीरथीबाईंनी ते हेल्मेट आतून चाचपिले, आणि याच गच्चीवर दोरीस वाळत घातले. राव त्या दोरीकडे पाहात राहिले, आणि मग सात लिहिले. मायाळू, सात. समजूत काढणारा, सहा.

खाली येताच पवित्राने घाईने बेरीज मांडिली, आणि दोन्ही फौजांचे आकडे मध्यरेषेवर चढले. तिने निवाडा सांगितला की, अप्पा उभयगुणी. रावांची मर्जी खप्पा जाहली, म्हणाले, "म्हणजे अर्धा अर्धा?"

"तराजू नाही हो अप्पा," पवित्रा म्हणाली, "दोन वेगळे गड आहेत. एक घेतला म्हणून दुसरा जात नाही. तुम्ही दोन्ही घेतले!"

हे ऐकोन राव जे फुलले, ते दुसरे दिवशी नाक्यावर जाऊन जाहीर करते जाहले की, आम्ही दोन्ही गड सर केले, नरसिंगराव एकाच गडाचे धनी. नरसिंगरावांची इडली घशात अडकली. मग ते बोलले की, आमची म्हैस गेली तेव्हा आम्ही गोठ्यात निजलो होतो, ते कोणी विचारिलेच नाही! दरबारातलेच खंडोजीराव पुढे होऊन बोलले की, नातवाची अंगाई आम्हीच गातो, कन्नडात! बघता बघता दरबारात मायेची चढाओढ लागली आणि कॉफी निवली. तेव्हा कोरे कागद घेऊन मागोमाग आलेल्या पवित्राने ताकीद केली की, फुशारकी येथेच राहू द्यावी, कोरी प्रश्नावली घरी न्यावी आणि म्हैस असेल तितकीच लिहावी. सर्वांनी माना डोलावून तैसे केले.

वनजा मॅडमांनी कागद पाहून प्रबंध कबूल केला. पवित्राने आनंदाने अप्पांस मिठी मारिली. फक्त एक कागद परत आला, भुजंगरावांचा. स्वावलंबी यापुढे जागा कोरी होती. राव पेन घेऊन जेवणाचे मेजावर बसले, आणि मोठ्या दिमाखाने सात लिहिले. तो चुलीपाशी भागीरथीबाई किंचित खोकल्या. रावांनी सात खोडून दोन केले.

येणेप्रमाणे हूटगळ्ळीची मोहीम फत्ते जाहली, दोन गड हाती आले, कन्येचे वर्ष वाचले. आणि शेवटला आकडा राजेश्री भुजंगराव यांनी कोणाचेही सल्ल्यावाचून स्वहस्ते लिहिला, हे भागीरथीबाईंचे परवानगीने येथे नमूद केले असे.