सोमनाथ सरांची घंटा

पंचवटीतल्या एका शाळेत तिसरीच्या मराठीच्या तासाला इतका गोंगाट व्हायचा, की शेजारच्या वर्गातलं शिकवणं थांबायचं. मुख्याध्यापिका योगिनीबाईंनी सकाळीच सोमनाथ सरांना गाठलं.

"सर, आज तपासणीला केंद्रप्रमुख येणारेत. आवाज झाला, तर मराठीचा तास मला दुसऱ्या कोणाला द्यावा लागेल."

"होणार नाही," म्हणत सरांनी पिशवीतून देवघरातली पितळी घंटा काढली. "मालिनी ही वाजवायची, तेव्हा मी टीव्हीपुढेसुद्धा गप्प व्हायचो. पोरं काय, होतील."

योगिनीबाईंनी घंटेकडे पाहिलं. सरांच्या पत्नी मालिनीताई वारल्यापासून ती वाजलीच नव्हती.

घंटा झाली की गप्प बसायचं, हा नियम सर वर्गाला सांगणार होते. पण सांगायला आधी शांतता हवी होती. म्हणून त्यांनी आधी घंटाच वाजवली.

निम्मी मुलं पुरोहितांच्या घरची, बाकीची देवळांच्या गल्ल्यांतली. पुढच्या सतरंजीवरचा गौरांग उठला, डोळे मिटून टाळ्या वाजवत आरती म्हणू लागला. दुसऱ्या कडव्याला अख्खा वर्ग उभा होता.

"अरे, थांबा," म्हणत सरांनी घंटा जोरात वाजवली. आवाज दुप्पट झाला. भिंतीपलीकडची चौथी सामील झाली. शाळेच्या सेविका भागुबाई दारात वहाणा काढून उभ्या राहिल्या.

"भागुबाई, यांना गप्प करा."

"आरती मधी तोडू नाय, सर. संपंल ना."

संपली. आणि वर्ग खरोखर गप्प झाला. सगळ्यांचे उजवे हात पुढे आले होते.

"काय पाहिजे?"

"प्रसाद," हर्षाली कुजबुजली. "तो मिळेपर्यंत बोलायचं नाय."

अशी शांतता सरांनी या वर्गात पाहिली नव्हती. ती वाया घालवणं त्यांना पटेना. टेबलावर खडूचे तुकडे होते. एकेका हातावर एकेक तुकडा ठेवत ते म्हणाले, "फरशीवर एक शब्द लिहायचा. न बोलता."

त्यांचं लक्ष हातांकडे होतं, तोंडांकडे नाही. शेवटी अंगठी घातलेला एक मोठा हात आला, त्यावरही खडू पडला. तो हात केंद्रप्रमुख गायधनी साहेबांचा होता. आरती ऐकून ते नुकतेच वर्गात आले होते आणि सरांची सूचना न ऐकताच मुलांच्या शेवटी हात पुढे करून उभे राहिले होते. त्यांनी तुकडा डोळ्यांना लावला आणि तोंडात टाकला.

चावला. थांबले. सगळा वर्ग त्यांच्याकडे बघत होता. प्रसाद थुंकणार कसा? त्यांनी गिळला.

योगिनीबाई धावत आल्या. "साहेब, तो मघाचा आवाज..."

"कुठला आवाज?" भागुबाईंनी आणलेलं पाणी पिऊन साहेब म्हणाले. "इतका शांत वर्ग मी पाहिला नाही. तास यांच्याकडेच राहू द्या." मग सरांजवळ येऊन हळूच म्हणाले, "उद्यापासून खडीसाखर आणा."

सरांनी जाताना खडीसाखरेची मोठी पुडी घेतली. घरी घंटा देवघरात ठेवताना जरा हलली आणि वाजली. सरांचा उजवा हात आपोआप पुढे झाला.

त्यावर प्रसाद ठेवायला मालिनीताई नव्हत्या. मग त्यांनी डाव्या हाताने पुडी सोडली.