मारुतीरावांच्या घोडीचा माज

घोडीला माजावर आणणं ही माझ्या दृष्टीनं अगदी साधी गोष्ट होती. मी बेळगावात हायस्कुलात शास्त्र शिकवत होतो. घोड्यावर जन्मात बसलो नव्हतो, हे खरं. पण घोडीच्या आत काय चालतं ते मी नुकतंच वाचून काढलं होतं, आणि तिच्या पाठीवर काय होतं याच्याशी मला कर्तव्य नव्हतं.

माझे सासरे मारुतीराव, म्हणजे मामा, निपाणीजवळच्या गावात तंबाखू पिकवत. त्यांची मैना नावाची तांबडी घोडी होती, आणि मैनेला अरबी घोड्याचं शिंगरू व्हावं हा त्यांचा ध्यास होता. फाल्गुनात बेळगावच्या कॅम्पात सरकारी अरबी घोडा येणार होता. त्यासाठी मामांनी कॅम्पातल्या साहेबाच्या बंगल्यावर खेटे घालून परवानगी मिळवली होती. पण दिवाळीपासून मैना माजावर यायचं नावच घेत नव्हती. घोडा एकदा परत गेला की पुन्हा कधी येईल, कोण सांगणार?

नाताळच्या सुट्टीत मी आणि वासंती, म्हणजे माझी बायको, तिथं गेलो, तेव्हा मामा या काळजीनं नीट जेवतही नव्हते. मी त्यांना धीर दिला. म्हटलं, हा सगळा कलेक्टर कचेरीसारखा कारभार आहे. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते, ती कलेक्टर. ती रक्तातून हुकूम सोडते, तो पोटातल्या बीजकोशाला, म्हणजे मामलेदाराला, पोचतो. मामलेदार आपला हुकूम काढतो आणि घोडी माजावर येते. हुकूम घेऊन जाणाऱ्या शिपायांना हार्मोन म्हणतात. थंडीत दिवस लहान असतो, म्हणून कलेक्टर झोपलेला असतो. डोळ्यांत उजेड गेला की तो उठतो.

मामा म्हणाले, "म्हंजे तिला बत्ती दावायची?"

"बत्तीच," मी म्हटलं.

त्या दिवसापासून दिवेलागणीला तबेल्यात गॅसबत्ती टांगली जाऊ लागली. पहिल्याच संध्याकाळी अर्धं गाव तमाशा आलाय असं समजून पटका बांधून हजर झालं, आणि घोडीला बघून नाराज होऊन परतलं. पुढच्या काही दिवसांत बत्तीचा परिणाम दिसू लागला, पण तो कोंबड्यांवर. तबेल्याच्या आढ्यावर बसणाऱ्या कोंबड्या भर थंडीत धबाधबा अंडी घालू लागल्या. माझ्या सासूबाई गुणाबाई एवढ्या खूश झाल्या की मी पानावर बसलो रे बसलो, की अंड्याचा पोळा हजर. मैना मात्र निवांत कडबा खात राहिली. अंगानं तेवढी चांगली भरली. मी त्याचंही श्रेय उजेडाला दिलं.

माघात मी पुन्हा गावी जाऊन दुसरा उपाय काढला. मैनेचा कलेक्टर उठलाय की नाही ते तपासायचं. गडी भरमा बादली धरून तिच्या मागं फिरला आणि मी बाटलीभर मूत घेऊन मोटारीनं बेळगावला आलो. शेजारच्या उतारूनं काकवी कुठली म्हणून विचारलं. मी घाईघाईनं बाटली धोतरात लपवली, त्यामुळे तो मला कंजूष समजला आणि बेळगाव येईपर्यंत बोलला नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत ते मूत मी उंदरांच्या कोवळ्या माद्यांना टोचलं. ज्याच्यात हार्मोन असतं त्यानं त्यांच्या पोटातली गर्भपिशवी फुगते. मी एक उघडून बघितली आणि थक्क झालो. पिशवी टम्म! दुसरीत तेच, तिसरीत तेच. मैनेच्या अंगात हार्मोनचा नुसता पूर आला होता. मला रात्रभर झोप लागली नाही इतका आनंद झाला. एवढे शिपाई हुकूम घेऊन धावताहेत आणि घोडी ऐकत नाही, याचा एकच अर्थ मला दिसला. घोडी लाजाळू आहे. समोर घोडा आला की लाज जाईल.

मामांना मी तसंच सांगितलं. त्यांनी मैनेच्या कपाळाला कुंकू लावलं, पाठीवर भरजरी झूल घातली आणि मजल दरमजल करत तिला कॅम्पात आणलं.

अरबी घोडा देखणा होता. तो मान वाकवून, पावलं नाचवत जवळ आला. मैनेनं कान मागं टाकले आणि अशी लाथ झाडली की मधलं लाकडी फाटक मोडून त्याची फळी साहेबाच्या बागेत पडली. घोडा माघारी वळला तो थेट लगाम धरलेल्या मोतद्दारालाच ओढत घेऊन गेला. त्यानंतर म्हणे कुठलीही तांबडी घोडी दिसली की तो थरथर कापायचा. साहेबानं मामांना जायला सांगितलं. मामांनी वाटेतच मैनेची झूल काढून खांद्यावर टाकली. मला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भीत भीतच गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तबेल्यातून हाक आली. मैनेपुढं एक ओलं शिंगरू लटपटत उभं होतं. मामा त्याच्याकडे एकटक बघत होते.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "कान बघा."

कान पायलीएवढे होते. आदल्या वैशाखात घोडी माळावर मोकळी चरत होती, आणि माळावर काय फक्त घोडेच चरतात असं थोडंच आहे? कॅम्पातल्या जनावरांच्या डॉक्टरांना मी पुढं सारं सांगितलं. ते पोट धरून हसले. म्हणाले, गाभण घोडीच्या मुतात असाच पूर येतो. तुमच्या उंदरांनी अगदी बरोबर सांगितलं होतं, ऐकणारा चुकला.

त्याच वर्षी युद्ध पेटलं. दसरा उलटल्यावर, मी दिवाळीच्या सुट्टीत गावी असताना, एक फौजी साहेब तोफा वाहायला खेचरं शोधत गावात आला. मैनेच्या खेचराचे पाय, छाती, पाठ चाचपून त्याचा चेहरा खुलला. ही पैदास कुणी केली म्हणून त्यानं दुभाष्याकरवी विचारलं.

मामांनी छाती पुढं काढून माझ्याकडे बोट केलं. "आमचं जावई. बेळगावात शास्त्र शिकिवत्यात. लई उपाय केलं तवा झालं हे."

साहेबानं माझा हात हातात घेऊन गदागदा हलवला, आणि याच पद्धतीनं आणखी खेचरं निपजवून द्या म्हणाला. मी पद्धत अजून प्रयोगावस्थेत आहे असं सांगून वेळ मारून नेली.

तेव्हापासून दर रविवारी मी निपाणीच्या आसपासच्या परीट-कुंभारांच्या घरी चौकशी करत फिरतो आहे. कुठलंच गाढव अजून कबूल झालेलं नाही.