स्नेहलच्या हाताला काय लागलं?

नारायणगावात ब्युटी पार्लरच्या मागच्या खोलीत बायकांना मसाज देणारी स्नेहल पुण्याला शिबिर करून आली आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला. शिबिरात शिकवलं होतं, की नुसत्या अंगठ्यानं दाबू नका, अंगाचा भार टाका. स्नायू आखडलेला लागेल तिथं थांबा, डोळे मिटा, खोल श्वास घ्या. मुख्य म्हणजे बोलू नका. ग्राहकाचं दुःख ग्राहकापाशीच राहू द्या. हे शिकवणाऱ्या बाई स्वतः दिवसभर बोलत होत्या, पण शिकवणाऱ्यांना नियम लागू नसतात.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी आल्या पिंपरी पेंढारच्या इंद्रायणीकाकू. शेती भरपूर, घर मोठं आणि घरात बोलायला माणूस नाही. मुलगा सार्थक पुण्यात, मुलगी श्रेया नाशकात. दोघांनी येणं दिवाळीवर ढकललेलं आणि दिवाळी उन्हाळ्यावर. नवरा बाळासाहेब घरातच असायचे, पण ते टोमॅटोच्या बाजारभावापलीकडे बोलत नसत. काकू खांदा दुखतो म्हणून स्नेहलकडे यायच्या. खरं तर त्या मुलांबद्दल बोलायला यायच्या. खांदा आपला सोबतीला असायचा.

त्या दिवशी काकू बोलत राहिल्या आणि स्नेहल हूं की चूं करेना. उजव्या खांद्यापाशी तिचा हात थांबला. तिनं डोळे मिटून खोल श्वास सोडला. आता आपल्याकडे अंग चोळताना तोंड बंद ठेवायची पद्धत नाही. बाळंतिणीला तेल लावणारीसुद्धा अख्ख्या गावाची खबर देत लावते. चोळणारी मध्येच गप्प झाली म्हणजे हाताला काहीतरी वाईट लागलंय आणि सांगवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. काकूंनी तोच काढला. विचारायचा त्यांना धीर झाला नाही, आणि नियम पाळायचा म्हणून स्नेहलनं आपणहून काही सांगितलं नाही.

"स्नेहलच्या हाताला कायतरी लागलंय," घरी गेल्यावर त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पोरगी बोललीच न्हाई."

बाळासाहेबांनी चालू टीव्ही बंद केला. मग फोन सुरू झाले आणि फोनाफोनीत आजार वाढत गेला. पुण्याला पोचेपर्यंत तो खांद्यातून फुप्फुसात उतरला, नाशकात तर त्यानं काकूंना थोडेच महिने ठेवले. सार्थक रजा टाकून बायकोसकट आला. श्रेया मुलांना घेऊन आली. सून आरोही सासूचे पाय चेपू लागली. बाळासाहेबांनी लग्नानंतर पहिल्यांदा स्वतः चहा केला. तो पिण्यासारखा नव्हता, पण काकूंनी कप रिकामा केला. त्यांना मरणाची भीती वाटत होती आणि इतकं सुखही कधी वाटलं नव्हतं.

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, खांदा आखडलाय, बाकी तब्येत उत्तम. घरच्यांनी पेढे वाटायचे सोडून तोंडं पाडली. रजा फुकट गेली, असं सार्थक आईसमोरच बोलून गेला. श्रेयाला मुलांची शाळा आठवली. संध्याकाळपर्यंत घर रिकामं झालं आणि टीव्ही चालू झाला.

पुण्याला जाता जाता सार्थकनं स्नेहलच्या दारात गाडी थांबवली.

"ताई, तुमी काय डॉक्टर हाय का?"

"मी एक शब्द बोलले न्हाई, दादा."

"तेच तर. बोलला असता, तर आमी कशाला आलो असतो?"

स्नेहलनं ते शिबिर मनातल्या मनात पुण्याला परत पाठवून दिलं. पुढच्या खेपेला काकू आल्या तेव्हा हात लावायच्या आधीच ती बोलायला लागली. माझं चुकलं म्हणाली, उगाच गप्प बसून तुमच्या जिवाला घोर लावला म्हणाली. काकू पालथ्या पडून ऐकत होत्या.

"नीट बघ," त्या म्हणाल्या. "परत एकदा दाबून बघ."

"काय न्हाई हो काकू. लई ठणठणीत हाय तुमी."

"कुठंच काय न्हाई?"

"कुठंच न्हाई."

काकू उठल्या. पदर सारखा केला, पिशवी घेतली. अजून अर्धी पाठ राहिलीय, असं स्नेहल सांगत होती, पण त्या दारापर्यंत गेल्या होत्या.

"आळेफाट्याला एक बाई हाय म्हणं," चपला घालता घालता त्या म्हणाल्या. "तिच्या हाताला लगेच लागतं."