कोट कोणाचा?

नवा कोट शिवायचा नाही, असं चिंतामणरावांनी ठरवलं आणि तिथेच सगळं बोंबललं.

एका संध्याकाळपुरता कोट! तोही जबलपूरच्या फिल्म पुरस्कार सोहळ्यासाठी, जिथे त्यांना पुरस्कार मिळणारच नव्हता. (मिळणार कसा? जबलपूरजवळच्या मझौलीत शूटिंग झालेल्या एका हिंदी सिनेमात त्यांनी तहसील कचेरीतल्या बाबूचं काम केलं होतं. वाक्य एकच, "साहब खाने पर गए हैं." पण समोर फायलींचा एवढा ढीग, की वाक्य ऐकू येई, बाबू काही दिसत नसे.) त्यामुळे महाराष्ट्र मंडळात कोणी विश्वासच ठेवेना. अध्यक्ष शरच्चंद्र तर चारचौघांत म्हणाले होते, "चिंतामण, तो आवाज माझाही असू शकतो रे!"

हे फार लागलं. तेव्हापासून चिंतामणरावांना एकच ध्यास. रेड कार्पेटवर उभं राहायचं, फोटो काढून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पेपरातलं आपलं थोबाड अख्ख्या मंडळाला दाखवायचं.

"अहो, तो लग्नातला कोट काहून काढून राहिले?" कुंदाताई म्हणाल्या. "बटण लावलं तर श्वास घेता येत नाही, आणि श्वास घेतला तर बटण उडतं. शिवून घ्या की एक."

शिवून घेतील तर ते चिंतामणराव कसले! ते गेले मदन महल भागातल्या ड्रायक्लीनरकडे. अनुपम भैया जुन्या ओळखीचा. त्याने आतून एक मरून रंगाचा बंदगळा कोट आणला.

"ले जाइए अंकल. कस्टमर को बोल दूंगा, मशीन खराब है. बस कल लौटा देना."

"पर है किसका?"

"आपको आम खाने हैं कि पेड़ गिनने हैं?"

कोट अंगावर असा बसला, की जणू त्यांच्याच मापाने शिवला असावा. "तयार मिळाला," एवढंच त्यांनी घरी सांगितलं. (हे काही खोटं नव्हे. तयार होताच तो.)

सोहळा एका लग्नाच्या गार्डनमध्ये होता. जानेवारीची थंडी. रेड कार्पेट टेंट हाऊसमधून भाड्याने आलेलं आणि अर्ध्यातच संपलेलं, म्हणून पुढे हिरवं जोडलेलं. फोटोग्राफर लाल भागाशीच दबा धरून बसले होते. आणि त्यावरून जे काय चाललं होतं, देवा रे! एक पोरगी उघड्या पाठीने कुडकुडत होती आणि दात वाजत असतानाही हसत होती. तिच्या झग्याची शेपटी एवढी लांब, की ती हिरव्यावर पोचली तरी शेपटी लालवरच. एक हीरो कोट घालून आला होता, पण आत शर्ट घालायचं राहिलं होतं. ("याच्या आईला कोणी फोन करा रे," कुंदाताई कळवळून म्हणाल्या.) एक मॅडम पोळ्या गुंडाळायच्या चंदेरी कागदात आल्या होत्या. त्यांना बसताच येत नव्हतं आणि लोक त्यांच्या कॉन्फिडन्सचं कौतुक करत होते. सिनेमा कोणता, त्यात काम काय केलं, हे कोणी कोणाला विचारत नव्हतं.

चिंतामणराव लालवर आले. माइक घेऊन उभी असलेली निवेदिका अनुष्का पुढे झाली.

"सर! आज आपने किसका पहना है?"

आता ही या लोकांची रीत. इथे म्हणे डिझायनरचं नाव सांगायचं असतं. चिंतामणरावांना काय ठाऊक? त्यांना वाटलं, पकडलो गेलो!

"मॅडम, चोरी का नहीं है," ते हात जोडून म्हणाले. "ड्रायक्लीनर भैया ने दिया है. कल लौटा दूंगा. नर्मदा मैया की कसम!"

कुंदाताईंनी कपाळावर हात मारला. पण अनुष्का आनंदाने किंचाळली.

"वॉव! नया खरीदा ही नहीं! दोस्तो, इसे कहते हैं सस्टेनेबल फॅशन! धरती मां के लिए!"

टाळ्या पडल्या. धरतीमातेचा विचार चिंतामणरावांनी आजवर केला नव्हता, पण त्यांनी गंभीरपणे मान हलवली.

"और सर, ओरिजिनली किसका है?"

हे तर त्यांनाही जाणून घ्यायचंच होतं. त्यांनी कोटाच्या आत हात घातला. ड्रायक्लीनरची चिठ्ठी अजून टाचलेली होती. चष्मा सावरून त्यांनी ती माइकमध्ये मोठ्याने वाचली, "शरच्चंद्र जी, मदन महल. दाग, आम का अचार. बगल में..." पुढचं त्यांनी मनातच वाचलं.

"अरे, तो कोट माझा आहे!"

पाहुण्यांच्या तिसऱ्या रांगेतून खुद्द अध्यक्ष शरच्चंद्र तरातरा येत होते. अंगात भुरकट स्वेटर, डोक्यावर माकडटोपी. "चिंतामण! माझा कोट घालून मिरवून राहिला तू? आणि मला तो भैया सांगतो, मशीन बिघडली!"

अनुष्काला मराठीतलं 'माझा' आणि 'कोट' एवढंच कळलं. "ओ माय गॉड! डिझायनर खुद यहां हैं! शरच्चंद्र जी!"

सगळे कॅमेरे वळले. शरच्चंद्रांनी हात उगारलेला होता. पण तोंडावर फ्लॅश पडला मात्र, माकडटोपी खिशात गेली आणि तोच हात केसांवरून फिरू लागला.

"सर, इस कलेक्शन की प्रेरणा?"

रिछाईच्या कारखान्यात तीस वर्षं नटबोल्ट तपासलेले शरच्चंद्र पुढे सरसावले. मग घसा खाकरून म्हणाले, "देखिए, मैं शुरू से सादगी का पक्षधर रहा हूं."

"और बाजू पर ये जो पीला पॅटर्न है?"

"वो... हाथ का काम है."

चिंतामणरावांनी माइककडे मान पुढे केली. "मॅडम, मैंने फिल्म में..." असं त्यांनी सुरू केलं, तोच फोटोग्राफर ओरडला, "अंकल, हिलिए मत, कोट मुड़ रहा है!"

सकाळी पेपर आला. फोटो रंगीत, चांगला मोठा, दोघांचाही. चिंतामणरावांचा चेहरा स्वच्छ दिसत होता, कानावरच्या केसांसकट. त्यांना अगदी भरून आलं. आता बोला म्हणावं!

कुंदाताईंनी चष्मा लावून फोटोखालची ओळ वाचली. "'जबलपुर के उभरते डिझायनर शरच्चंद्र जी, अपने चर्चित कोट के साथ.'"

"आणि मी?"

कुंदाताईंनी पुन्हा एकदा नीट पाहिलं. "तुम्ही 'के साथ'मध्ये असाल."

तेवढ्यात फोन वाजला. शरच्चंद्रच होते, आवाजात साखर घोळलेली. "चिंतामण, झालं गेलं विसर. रविवारी आपल्या मंडळात सत्कार ठेवला आहे."

"माझा?"

"माझा. पण तुझ्याशिवाय होत नाही बाबा. कोट परत करू नको, अनुपमला मी सांगतो. तो घालूनच ये. तुला स्टेजवर घेऊन राहिलो आपण."

चिंतामणरावांची छाती फुगली. शेवटी मंडळाला कळलं तर! "शरदभाऊ, मग सिनेमाबद्दल दोन शब्द बोलू का मी?"

"बोलतो काहून? नुसता उभा राहा. तिथे कोट अडकवायला खुंटी नाही."