'सिरियस' खोडणारे मास्तर

माणूस मेला तरी शांताराममास्तर त्याची तार सुखासुखी जाऊ देत नसत.

पेडण्याच्या पोस्टात मी तार घेणारा कारकून. काउंटरवरचा फॉर्म उचलून ते रडणाऱ्या माणसालाच दरडावत, "एक्स्पायर्ड? औषध एक्स्पायर होता रे! तुझो बापूस काय बाटली होतो?" तो बिचारा डोळे पुसून 'डाईड' लिही.

मास्तर जवळच्याच चोपडे गावचे. गोवा मुक्त झाला, पोर्तुगीज शाळा बंद पडल्या आणि तिथे शिकवणाऱ्या या माणसाने चाळिशीनंतर डिक्शनरी घेऊन इंग्रजी पाठ केलं. इतक्या कष्टाचं ते इंग्रजी, त्यामुळे कोणी शब्द इकडचा तिकडे केला की यांच्या जिवाला लागे. "ग्लॅड वेगळो, हॅपी वेगळो. ग्लॅडाक कारण लागता, हॅपीक लागत नाय." निवृत्त झाल्यावर रोज अकराच्या बसने येऊन ते माझ्या खिडकीपाशी ठाण मांडत. मी वैतागायचो. पण खोटं कशाला सांगू, एखाद्या दिवशी आले नाहीत तर करमायचं नाही.

एकदा मात्र पोस्ट उघडतानाच दारात हजर. त्यांची बायको, शारदावहिनी, आठ दिवस तापाने पडून होती. मुंबईला नोकरीला असलेल्या मुलाला, सुधाकरला, तार करायची होती. मी सवयीने लिहून टाकलं, 'मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली.'

त्यांनी 'सिरियस' खोडला. "तशी नाय हां ती!"

"अहो मास्तर, लोक पडसं झालं तरी सिरियस लिहितात. त्याशिवाय पोरं येत नाहीत."

"म्हणूनच तुमी त्या शब्दाची माती केलात!"

मग 'सिक' लिहिला, खोडला. 'इल' लिहिला, तोही खोडला. अर्ध्या तासाने 'इनडिस्पोज्ड' उतरला. म्हणजे किंचित बरं नाही. मी हात टेकले आणि तार पाठवली.

सुधाकरच्या साहेबाने ती वाचली आणि म्हणाला, एवढंच ना, पुढच्या आठवड्यात जा. चौथ्या दिवशी वहिनी गेल्या. सुधाकर पोचला तो चितेची राख निवल्यावर. साऱ्या गावासमोर तो ओरडला, "बाबा, शब्द बरोबर घातलात. आता आई खंय आसा?" बारावं उरकून गेला तो गेलाच. त्या वर्षी चवथीच्या गणपतीलाही आला नाही.

गावाने मास्तरांना नावं ठेवली. मीही ठेवली. म्हातारा घमेंडखोर, दुसरं काय!

एका दुपारी पोस्टात कोणी नव्हतं. मास्तर नुसते बाकावर बसून होते. मला राहवलं नाही. "मास्तर, एका शब्दासाठी कशाला हो अडून बसलात त्या दिवशी?"

मग म्हणाले, "डॉक्टर सकाळीच बोललेलो माका. सिरियस म्हणून."

मी हातातला शिक्का खाली ठेवला.

"माझ्या हातान लिहिलंय तर ता खराच होतला, असा वाटला रे. भियालंय मी."

"मग हे सुधाकरला सांगा ना!"

"काय सांगू? बापाशीक ठावक होता, तरी तुका बोलावक नाय? आता तो माझ्या शहाणपणावर रागावता. तितकोच राग रवांदे."

मी काउंटर सोडून बाहेर गेलो आणि त्यांच्याशेजारी बसलो. तेव्हा मास्तर रडले, पोरासारखे हुंदके देऊन. त्यांना नावं ठेवल्याची मला फार लाज वाटली.